शून्यावा दिवस

करोनाच्या काळात विमानाने येणाऱ्या माणसाला कुठे कोंडायचं, किती दिवस कोंडायचं आणि कोणाच्या पैशाने कोंडायचं, ह्याचे जे नियम दर पंधरवड्याला निघत होते ते वाचून आमच्या नात्यागोत्यातले भलेभले गार पडले. त्यांत एक सीए होते. आयकराच्या कलमांत रमणारा हा माणूस, पण 'संस्थात्मक विलगीकरण' आणि 'गृह विलगीकरण' ह्यांच्या मधल्या फटीत त्यांचा पाय असा अडकला की शेवटी त्यांनी लंडनच्या मुलीला कळवलं, तू तिकडेच सुखी राहा. नियम खऱ्या अर्थाने समजले ते एकट्या मावशीला. मावशी तेव्हा ऐंशी ओलांडलेली, विमानात कधी न बसलेली, आणि सरकारी परिपत्रकाशी तिचा संबंध गॅसची सबसिडी बंद झाली तेवढ्यापुरता. पण तिचं शिक्षण वेगळ्या शाखेतलं होतं. वाईच्या वाड्यात, सोवळ्यातल्या सासूच्या हाताखाली, सोयर, सुतक, विटाळ आणि शिवाशीव ह्या विषयांत तिने वीसेक वर्षं उमेदवारी केली होती.

"ह्यात न समजण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली. "सुतकच आहे हे. फक्त कोणी मेलेलं नाही."

मी तेव्हा हसले. पुढे जसजशी परिपत्रकं येत गेली तसतशी मी वही घेऊन तिच्यापाशी बसायला लागले.

सुतकात तुमची अवस्था कोणी विचारत नाही. चुलत आजोबांचं तुम्ही तोंडही पाहिलेलं नसेल, तरी दहा दिवस देवाला शिवायचं नाही. आणि जिवाभावाचा शेजारी गेला, तुम्ही धाय मोकलून रडलात, तरी आंघोळ केली की मोकळे. प्रश्न दोनच: नातं काय आणि कधी कळलं. विमानतळावरही तेच. कपाळावर बंदूक रोखून ताप बघत, हे खरं. पण ताप नाही म्हणून सुटका होत नसे. कुठून आलात, कधी निघालात, वाटेत कुठे उतरलात, एवढ्यावर तुमचं भवितव्य. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला चौदा दिवसांपर्यंत लागू शकतात म्हणून चौदा दिवस, ह्यात वैद्यकशास्त्र होतंच, नाही कसं. पण शास्त्राचा आकडा एकदा कारकुनाच्या टेबलावर पोचला की त्याचं पंचांग होतं.

केंद्र सरकारने 24 मे 2020 ला परदेशातून येणाऱ्यांसाठी जे नियम काढले त्यांत ह्या चौदा दिवसांचे दोन वाटे होते. सात दिवस स्वतःच्या खर्चाने संस्थेत आणि सात दिवस घरी. ('संस्थेत' म्हटल्यावर मावशीच्या डोळ्यांसमोर आधी अनाथाश्रम आला, आणि पैसे देऊन अनाथ व्हायचं हे काही तिला पटेना.) डिसेंबरात ब्रिटनमध्ये विषाणूने नवं रूप घेतल्याची बातमी आली आणि 21 तारखेला महाराष्ट्र सरकारने फर्मान काढलं की युरोप आणि मध्यपूर्वेतून येणाऱ्यांनी संस्थेतच राहायचं. मावशीचा धाकटा, म्हणजे आमचा मावसभाऊ, नेमका त्याच आठवड्यात दुबईहून निघाला. ब्रिटनच्या विषाणूशी दुबईचा काय संबंध, असं त्याने फोनवर विचारलं. मावशी म्हणाली, "भाऊबंदकीत असं विचारत नाहीत."

त्याचं विमान पहाटे तीनच्या सुमाराला मुंबईत उतरलं. आखातातली विमानं अशीच अवेळी उतरतात. आता दिवस मोजायचे कधीपासून? सरकारी तक्त्यात उतरल्याचा दिवस हा 'शून्यावा' दिवस. म्हणजे तो दिवस तुम्ही कोंडलेले असता, जेवता, बिल भरता, पण तो झालेला नसतो. हॉटेलचा दिवस दुपारी सुरू होत होता, त्यामुळे पहाटे खोली हवी असेल तर आदल्या रात्रीचंही भाडं. थोडक्यात, सरकारच्या हिशोबाने त्याचा एक दिवस कमी भरत होता आणि हॉटेलच्या हिशोबाने एक जास्त. भाऊ फोनवर वैतागून हे सांगत होता तेव्हा मावशीने शांतपणे शास्त्रार्थ सांगितला.

"रात्रीचे तीन भाग करायचे. पहिल्या दोन भागांत गेला तर आदला दिवस धरायचा. तिसऱ्यात गेला तर दुसरा."

"आई, मी गेलो नाहीये, आलोय."

"हिशोब तोच."

देशांच्या याद्यांचं तिला जराही नवल वाटलं नाही. परगावच्या सुतकाची बातमी उशिरा पोचली तर किती दिवस पाळायचं, ह्यावर आपल्याकडे पूर्वीपासून खल झालेला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीला पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 'धर्मसिंधु' लिहिला, त्यात असल्या शंकांचा कीस काढलेला सापडतो. मध्ये मोठी नदी आली, डोंगर आला किंवा भाषा बदलली की तो 'देशांतर' मानावा, असं जुने धर्मशास्त्री सांगून गेले. सरकारचं देशांतर मात्र नदी-डोंगराला बांधलेलं नव्हतं. नोव्हेंबर 2020 मध्ये महाराष्ट्राने ठरवलं की दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोवा इथून येणाऱ्यांनी चाचणीचा निगेटिव्ह अहवाल आणावा. विमानाने येणार असाल तर 72 तासांच्या आतला आणि रेल्वेने येणार असाल तर 96 तासांच्या आतला. हे चोवीस तास मी बरेच दिवस डोक्यात घोळवले. राजधानी एक्सप्रेसमध्ये तासन्‌तास माणूस बसून राहतो म्हणून ही सूट असेल, तर त्या डब्यात खोकणाऱ्या बाकीच्या एकाहत्तर जणांचं काय, हे परिपत्रकात नव्हतं. आणि गोवा! पणजीहून मुंबईला येणारा माणूस संशयित, आणि त्याच्याच विमानाशेजारी उतरलेला हैदराबादचा माणूस सोज्वळ. आमच्या एका गोव्याच्या स्नेह्यांनी तेव्हा म्हटलं होतं, चारशे पन्नास वर्षं पोर्तुगीज होते तेव्हा आम्ही परदेशी, मुक्ती मिळाल्यावर आम्ही आपले, आणि आता पुन्हा बॅटऱ्या मारून बघताय?

एक वर्षाने ओमायक्रॉन आला तेव्हा तर यादी विमान हवेत असताना बदलली. 30 नोव्हेंबर 2021 ला राज्याने 'जोखमीच्या' देशांतून येणाऱ्या सगळ्यांना सात दिवस संस्थेत टाकायचं ठरवलं. दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी चाचणी. केंद्राने पत्र लिहून कळवलं की आमच्या नियमांशी हे जुळत नाही. दोन दिवसांत राज्याने आदेश सुधारला आणि जास्त जोखमीचे म्हणून दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना आणि झिम्बाब्वे हे तीन देश उरले. मधल्या दोन दिवसांत जे उतरले ते आमच्या सीए मेव्हण्यांच्या भाषेत 'पूर्वलक्षी प्रभावात' सापडले.

सवलतीही मावशीच्या ओळखीच्याच निघाल्या. राजाला सुतक नसतं, कारण राज्य चालवायचं असतं. वैद्याला, कारागिराला आपापल्या कामापुरती तिथल्या तिथे शुद्धी. देशांतर्गत विमानं 25 मे 2020 ला सुरू झाली त्याच दिवशी केंद्रीय मंत्री सदानंद गौडा दिल्लीहून बंगळूरला उतरले आणि गाडीत बसून निघून गेले. कर्नाटकात तेव्हा दिल्लीहून येणाऱ्यांना सात दिवस संस्थेत राहणं सक्तीचं होतं. औषधं माझ्या खात्याकडे आहेत, ती पोचताहेत की नाही हे मी पाहायला नको का, असा त्यांचा युक्तिवाद होता. मी हे मावशीला वाचून दाखवलं. "बरोबर आहे," ती म्हणाली, "राजा आणि वैद्य, दोन्ही त्याच्याकडेच."

महाराष्ट्राने आणखी एक सवलत काढली होती आणि ती मला आजही आपल्या संस्कृतीचा अर्क वाटते. दुसऱ्या राज्यातून विमानाने आलात तर चौदा दिवस घरात, हातावर शिक्का. पण आठवड्याच्या आत परत जाणार असाल आणि परतीचं तिकीट दाखवलंत, तर मोकळे. लवकर जाणारा पाहुणा हाच निरोगी पाहुणा, हे प्रत्येक मराठी घरातल्या गृहिणीला माहीत असलेलं सत्य राज्याच्या गॅझेटपर्यंत पोचायला एवढी मोठी साथ यावी लागली. ऑगस्ट 2020 मध्ये पाटण्याहून तपासासाठी आलेल्या पोलीस अधिकाऱ्याला मुंबई महापालिकेने शिक्का मारून बसवलं, आणि सप्टेंबरात कंगना राणावत आल्या तेव्हा त्या थोड्याच दिवसांसाठी आल्या आहेत म्हणून सोडलं. त्यावर वाहिन्यांवर आठवडाभर आरडाओरडा झाला. आमच्या घरात मात्र चर्चा एकच होती: म्हणजे काकांना आपण 'परतीचं तिकीट दाखवा' असं आता कायदेशीरपणे म्हणू शकतो का?

शिक्क्याचं सांगायला हवं. तो मार्च 2020 मध्येच सुरू झाला होता. डाव्या हाताच्या पालथ्या बाजूला, मतदानाच्या शाईने. मुंबईच्या शिक्क्यावर मुंबईकरांचं रक्षण करताना अभिमान वाटतो अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आणि तारीख असायची. अभिमान कोणाला वाटतो हे त्यात नीटसं स्पष्ट नव्हतं; ज्याच्या हातावर तो होता त्याचा चेहरा तरी तसं सांगत नसे. पालघरला गरीबरथ थांबवून चार प्रवासी उतरवले गेले, ते ह्या शिक्क्यामुळेच. जर्मनीहून आले होते आणि सुरतेला निघाले होते. त्या दिवसापासून लोकलमध्ये, रिक्षात, किराणा दुकानात माणसं एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघायची सोडून हाताकडे बघू लागली. ज्यांनी आयुष्यात कधी मतदान केलं नाही अशा आमच्या कित्येक उच्चशिक्षित नातलगांना ती शाई पहिल्यांदा त्यामुळेच लागली.

शिवाशिवीचा हा कायदा ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांवर चालवला, त्याच घरांतल्या मुलांच्या हातांवर ह्या वेळी शिक्का उठला. हा विनोद चांगला आहे, पण त्यावर हसायचा पहिला हक्क आमचा नाही.

भाऊ हॉटेलात असताना मावशी रोज व्हिडिओ कॉल करायची. खोली चांगली होती, पण खिडकी उघडत नव्हती आणि समोर उड्डाणपूल. जेवण दाराबाहेरच्या खुर्चीवर ठेवायचे, बेल वाजवायचे आणि वेटर पळायचा. अक्षरशः पळायचा, भाऊ दार उघडेपर्यंत कॉरिडॉरच्या टोकाला फक्त त्याचे बूट दिसायचे. वापरलेले डबे पिशवीत बांधून बाहेर. चादर बदलणार नाहीत, झाडू मिळेल. हे ऐकून मावशी एकदम हसायला लागली. इतकी, की तिला ठसका लागला आणि शेजारच्या फ्लॅटचं दार धाडकन बंद झाल्याचा आवाज आला. (2020 मध्ये ठसका ही खाजगी बाब राहिली नव्हती.)

"अरे, तुला कावळा शिवलाय," ती म्हणाली. "आम्हांला असंच वाढायचे. वरून, लांबून. ताट आपलं आपण विसळायचं. फक्त आमचे तीनच दिवस, दर महिन्याला, आणि फुकट. तुझ्याकडून रोजचे किती घेतात?"

भावाने आकडा सांगितला.

"वाचायला देतात का काही?"

"नाही."

"मग आमचं बरं होतं," मावशी म्हणाली. "त्या तीन दिवसांत कोणी काम सांगायचं नाही. नगर वाचनालयातल्या निम्म्या कादंबऱ्या मी कोपऱ्यात बसून संपवल्यात."

चाचणी निगेटिव्ह आली, उरलेले दिवस घरी काढायचे म्हणून शिक्का मारून त्याला सोडलं, आणि तो मुलुंडला आमच्या सोसायटीच्या फाटकात येऊन उभा राहिला. इथे केंद्र आणि राज्य ह्यांच्या पलीकडचं तिसरं सरकार सुरू होतं. आमचे सेक्रेटरी हे मुळात भले गृहस्थ. वर्षानुवर्षं भाऊ दुबईहून आला की 'काय आणलंस?' म्हणून पहिले वर येणारे तेच. खजूर, परफ्यूम, एकदा तर आख्खा मिक्सर. फॉरेनहून आलेल्या माणसाची किंमत 2020 च्या मार्चमध्ये जी घसरली ती शेअर बाजारालाही जमली नाही. आता तेच सेक्रेटरी फाटकाच्या आत, मास्कवर मास्क लावून, हातात वही घेऊन उभे.

"लिफ्ट वापरायची नाही. सहा मजले चढून जा. कठड्याला हात लावू नका."

"काका, कठड्याला हात न लावता दोन बॅगा घेऊन सहा मजले?"

"बॅगा इथेच राहतील. तीन दिवस उन्हात."

"त्यात खजूर आहेत."

सेक्रेटरी क्षणभर घुटमळले. माझी खात्री आहे, त्या क्षणी विज्ञान आणि खजूर ह्यांच्यात खरोखरचं युद्ध झालं. "दोन दिवस," ते म्हणाले.

सरकारचे चौदा दिवस संपल्यावरही सोसायटीने एक दिवस आपला म्हणून वर धरला. कचऱ्याची पिशवी वेगळी, दूधवाल्याला मनाई, आणि कामवाल्या बाईंना त्या मजल्यावर जायला बंदी. ह्या शेवटच्या कलमामुळे समोरच्या दोन बिऱ्हाडांनी भावाशी जे वैर धरलं ते विषाणूपेक्षा जास्त टिकलं. वॉर्ड ऑफिसातून रोज एक मुलगी फोन करायची. ताप आहे का, खोकला आहे का, वास येतो का. फोन मावशीच उचलायची आणि भावाचं 'नाही' एका शब्दात सांगून आपल्या गुडघ्यांकडे वळायची. त्या मुलीने सगळं ऐकून घेतलं. करोनाच्या संपूर्ण व्यवस्थेत मला मनापासून आवडलेली व्यक्ती कोणती विचाराल तर ती.

ह्या सगळ्या आदेशांच्या मुळाशी जे कायदे होते त्यांतला एक 1897 चा, साथरोग कायदा. मुंबईत प्लेग आला म्हणून घाईघाईत केलेला, इतका आटोपशीर की मूळ कलमं चारच. पुण्यात त्याच वर्षी प्लेगच्या निमित्ताने काय घडलं आणि रँडसाहेबाचं काय झालं, हे मराठी वाचकाला मी सांगायला नको. त्या कायद्यात 'रेल्वेने किंवा अन्य प्रकारे' प्रवास करणाऱ्यांची तपासणी करायचा अधिकार आहे. राइट बंधूंचं विमान उडायला अजून सहा वर्षं होती, पण कायदा करणाऱ्याने 'अन्य प्रकारे' म्हणून त्यांची सोय करून ठेवली. विमान हा शब्द तपासणीच्या कलमात यायला 2020 च्या एप्रिलमधला वटहुकूम लागला. तोपर्यंत एवढी मोठमोठी जेट विमानं कायद्याच्या दृष्टीने आगगाडी नसलेली काहीतरी होती.

एक नियम मात्र असा होता की त्यावर मावशीलाही बोलता आलं नाही. परदेशातून येणाऱ्यांना 'एअर सुविधा' नावाच्या पोर्टलवर आधी माहिती भरावी लागे. 2 ऑगस्ट 2020 च्या नियमांत संस्थेतून सूट मिळण्याची कारणं दिली होती: गर्भारपण, गंभीर आजार, बरोबर दहा वर्षांपर्यंतची मुलं, आणि घरातला मृत्यू. ही सूट हवी असेल तर अर्ज विमानात बसण्याच्या किमान 72 तास आधी करायचा. चौथ्या मजल्यावरचे आजोबा त्या पावसाळ्यात गेले. मुलगा न्यू जर्सीला. तो फॉर्म उघडून बसला, कारण म्हणून मृत्यू निवडला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की वडिलांनी तीन दिवस आधी कळवायला हवं होतं. अंत्यविधी पुतण्याने केले. मुलगा तिसऱ्या दिवसानंतर निघाला, रीतसर सूट घेऊन आला, आणि सुतकामुळे सूट मिळालेला तो माणूस घरी येऊन सुतक पाळत बसला. बाहेरून दोन कायद्यांनी कोंडलेला, एकाच खोलीत. सेक्रेटरींनी त्याला लिफ्ट वापरू दिली. वहीत नोंद केली नाही.

एअर सुविधा 22 नोव्हेंबर 2022 ला बंद झाली, तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पासपोर्टची पीडीएफ, अहवालाची पीडीएफ, मग पान लटकायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. कित्येकांना चेक-इनच्या काउंटरवर, सामान वजनकाट्यावर असताना, मोबाईलवर हे भरावं लागलं आहे.

ह्या बाबतीत आदर्श म्हणावा असा फॉर्म एकच भरला गेला, 24 जुलै 1969 चा. त्यावर विमान क्रमांकाच्या जागी अपोलो 11, निघाल्याचं ठिकाण चंद्र, पोचल्याचं ठिकाण होनोलुलू, माल म्हणून चंद्रावरचे दगड आणि धूळ, आणि खाली आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन, कॉलिन्स ह्यांच्या सह्या. कस्टम्सचा हा कागद थोडा गमतीचाच होता, पण कोंडलं त्यांना खरोखर. चंद्रावरून काही जंतू येतील ह्या भीतीने आधी एका घट्ट बंद केलेल्या ट्रेलरमध्ये. राष्ट्राध्यक्ष निक्सन काचेबाहेरूनच बोलले. मग ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत, एकूण एकवीस दिवस. आणि ते पृथ्वीवर उतरल्यापासून नव्हे तर चंद्र सोडला त्या 21 जुलैपासून मोजले, 10 ऑगस्टला सोडलं. बोटांवर मोजून पाहा, 21 तारीख पहिली धरली तरच एकवीस भरतात. नासाने शून्यावा दिवस धरला नव्हता.

त्याच फॉर्मवर एक रकाना होता: रोग पसरू शकेल अशी काही परिस्थिती विमानात आहे काय? त्यांनी लिहिलं, ठरायचं आहे. एअर सुविधेवर हे चाललं नसतं. तिथे 'हो' आणि 'नाही' एवढंच होतं, आणि 'हो' म्हणणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.